पाठीवरची चेन

रविवारी साडेअकराला अण्णांचं मशीन थांबायचं.
पाय पायडलवर तसाच, ओठांत दोन टाचण्या,
आणि इस्त्रीच्या फळीवरच्या चौदा इंची टीव्हीत
पाच जपानी पोरं, पाच रंगांची हेल्मेटं,
दगडाच्या खाणीत कोलांट्या मारायची.
खाण दर आठवड्याला तीच.
आम्हाला ती पांडवलेण्यांच्या मागची वाटे.
बोलायची हिंदीत. ओठ मिटले तरी वाक्य पुढे चालूच.

दुकानाच्या पायरीवर दहीपुलावरची निम्मी पोरं.
बोहोरपट्टीचा मुर्तझा निळा,
कापुऱ्यांचा उमेश काळा, कारण त्याच्याकडे काळे बूट होते.
मुलगी म्हणून मी गुलाबी.
मला लाल व्हायचं होतं.

राक्षस मात्र दर रविवारी नवा :
खेकडा, टेलिफोन, एकदा तर चक्क आरसा.
लालवाला त्याला गर्रकन फिरवून लाथ घाली
आणि नेमके तेव्हाच अण्णा टाचण्या काढून म्हणत,
"चेन बघ. पाठीवर. पितळी, बावीस इंची.
बसवणाऱ्यानं घाई केलीय."

पायरी खो खो हसायची.
आख्खं टोकियो गिळायला निघालेला तो
माझ्यादेखत कुणाचं तरी शिवणकाम होऊन जायचा.
दोन रविवार मी अण्णांशी बोलले नाही.
तिसऱ्या रविवारी फळीवर घडी घातलेला एक अंगरखा,
बँडवाल्यांच्या उरलेल्या लाल साटिनचा.
मी पाठ चाचपली. चेन सापडेना.
"झाकपट्टी घातलीय," अण्णा म्हणाले,
आणि काज करायला घेतलं.

आता त्या मालिकेचा सिनेमा आलाय.
नाशकात एकच खेळ, सकाळी पावणेदहाचा.
अख्ख्या थेटरात आम्ही धरून अकरा माणसं.
पॉपकॉर्नचा भाव ऐकून अण्णांनी हिशोब केला :
सहा पँटींची उंची कमी करणं.

पडद्यावर लालवाला म्हातारा झालेला.
दाढी पांढरी, गुडघा धरून जिना चढतो.
समुद्र उठला, पूल वाहून गेले,
माझ्या खुर्चीखालची जमीन थरथरली.
अण्णा म्हणाले, "दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागेल एवढं आहे पाणी."

मग तो आला.
खवल्यावर खवला, प्रत्येक ओला,
श्वासागणिक बरगड्या हलणारा,
शंभर मजली.
आणि वळला.
मी पडदा सोडून अण्णांकडे पाहिलं.
ऑपरेशन झालेला डोळा पुढे काढून
ते त्या पाठीवरून वरून खाली, खालून वर
नजर फिरवत होते, कापड तपासावं तशी.

"झाकपट्टी," ते शेवटी पुटपुटले.
"चांगला कारागीर आहे."

आत माणूस नाही, अण्णा,
घाम नाही, शिवण नाही, कापडच नाही,
कुठल्याशा खोलीत रात्रभर संगणक तापलेत नुसते,
हे सगळं माझ्या जिभेपर्यंत आलं होतं.
मी पॉपकॉर्नचा डबा त्यांच्यापुढे धरला.

लढाईच्या आधी एक बारकं दृश्य आहे.
लालवाला बाकावर बसून फाटका हातमोजा शिवतो.
दहा सेकंद. संगीत नाही.
"दोरा दुहेरी घे रे," अण्णा खणखणीत आवाजात म्हणाले.
पुढच्या रांगेतलं एक पोर वळून बघत राहिलं.
पडद्यावर त्यानं दोरा दातांनी तोडला.
इकडे अण्णांचाही जबडा हलला, रिकामाच.

दिवे लागले. नावं वर सरकू लागली,
शेकडो, उभी, आडवी, एकही वाचता न येणारी.
झाडूवाली बाई दाराशी ताटकळत होती.
"शिवणाऱ्याचं येईल ना?" अण्णा उठेनात.
मी अंदाजानं एका ओळीवर बोट ठेवलं.
ती वर निघून जाईपर्यंत त्यांनी मान वर केली,
मग गिऱ्हाइकाला कापड देताना हलवायचे तशी हलवली.

त्र्यंबक नाक्यापर्यंत रिक्षात गप्प होते.
सिग्नलला म्हणाले,
"बावीस नाही गं. ती चोवीस इंची होती."